प्रोसेसरवरचा भार

४ मार्च
आज नोकरीवर रुजू झाले, आणि तीही मावशीच्याच वृद्धाश्रमात! आईच्या माघारी तिनेच मला वाढवलं. गुडघे कुरकुरायला लागल्यावर बाईसाहेब मला न विचारता इथे येऊन राहिल्या. आता बसू दे माझ्या नजरेसमोर. इथल्या दिवाणखान्यात कॅमेरा आहे. लांब गेलेली मुलंबाळं आपल्या माणसांना दिवसभर थेट बघतात. ते प्रक्षेपण मी सांभाळायचं. शेजारची काचेच्या खिडकीची खोली मला मिळाली आहे. संगणक मात्र म्हातारा, आश्रमाला शोभेलसा. प्रोसेसरवर सतत नव्वद टक्क्यांच्या पुढे भार, पंखा घरघरतो, चित्र अडकतं. व्यवस्थापक म्हणाले, काय वाट्टेल ते करा, नवीन संगणक तेवढा मागू नका. मावशीचं इथे छान जमलंय. मास्तर म्हणून एक आजोबा आहेत, ते बुद्धिबळात मुद्दाम हरतात म्हणून ती त्यांच्यावर चिडते आणि रोज खेळते.

६ मार्च
नको ते प्रोग्राम बंद केले, चित्राचा आकार घटवला, सेकंदाला जाणाऱ्या फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, निम्म्यावर आणल्या. भार झरकन उतरला. व्यवस्थापक खूश. मी काचेतून सहज आत पाहिलं, तर मावशीचा कप तोंडाकडे टप्प्याटप्प्याने चालला होता. पडद्यावर नाही, समोर, खरोखर. स्वयंपाकीण आत शिरली, तीही अडखळत चालायला लागली. बाहेर आल्यावर धडधाकट. तिला विचारलं तर म्हणाली, ताई, डोळे तपासून घ्या. उद्या घेईन.

९ मार्च
डोळे ठणठणीत आहेत. म्हणून फ्रेम पुन्हा, पहिल्यापेक्षाही जास्त वाढवून पाहिल्या. कुठून दुर्बुद्धी झाली! भार शंभरावर गेला, चित्र थिजलं, आणि काचेपलीकडे सगळा दिवाणखाना थिजला. मावशी हसत होती. तोंड तसंच उघडं. मी धडपडत फ्रेम उतरवल्या, तेव्हा ते हसू पुढे सुरू झालं. कुणालाच काही कळलं नव्हतं. व्यवस्थापकांना ओढून आणलं. ते पडद्याकडे बघून म्हणाले, चांगलं दिसतंय की आता. प्रक्षेपणच बंद करावं, तर मग आतली माणसं पुन्हा हलतील याची खात्री कोण देणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१२ मार्च
मावशीला इथून हलवायचं ठरवलं. बागेत फिरायला म्हणून हात धरून निघाले. लहानपणी मी कशी सारखी पडायचे ते ती सांगत होती. कॅमेऱ्याची हद्द दारापाशी संपते. तिथे ती वाक्याच्या मध्येच गप्प झाली. डोळ्यांत काही नाही. हाक मारली, गदागदा हलवलं. शेवटी मागे आणलं, तर तिने तेच वाक्य पुरं केलं. स्वयंपाकीण येते-जाते. पण इथे मुक्काम टाकलेल्यांना बहुतेक चित्राबाहेर जागाच उरत नाही. मी खोलीत येऊन खूप रडले.

१५ मार्च
चित्रात हालचाल जास्त असली की प्रोसेसरला जास्त राबावं लागतं, हे मला आधीपासून माहीत होतं. आता त्याचा अर्थ कळतोय. मावशीच्या विणकामाच्या सुया काढून घेतल्या. बुद्धिबळाचा पट उचलला. पडदे हलतात म्हणून खिडक्या लावल्या. मास्तरांना म्हटलं, नुसते बसा. मावशी भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिने मुकाट्याने लोकर माझ्या हातात दिली.

१८ मार्च
उद्या सगळ्यांचे नातेवाईक भेटायला येणार. मुलं धावणार. भेट रद्द करा म्हणून व्यवस्थापकांच्या पाया पडायची बाकी राहिले. ते म्हणाले, तुम्ही दोन दिवस रजा घ्या, मी बघतो संगणकाकडे.
फ्रेम आणखी उतरवल्या. चित्र आणखी लहान केलं. उतरवायला आता काही—

१९ मार्च
दिवाणखाना भरलाय. भार ब्याण्णव. व्यवस्थापकांनी मला खोलीबाहेर काढलं. दार उघडं आहे, पंखा ऐकू येतोय.

दिवाणखान्यात येऊन मावशीशेजारी बसले. जे होईल ते दोघींचं. इथून सगळं नेहमीसारखंच दिसतं. हेच भयंकर आहे.

मुलं सोफ्यावरून उड्या मारतायत. कुणी ऐकत नाही. मास्तर डोळे मिटून बसलेत, बिचारे, मी सांगितलं म्हणून—

व्यवस्थापक संगणकाच्या खोलीतून ओरडले, चित्र फारच बारीक दिसतंय, मोठं करतो.
मी नको म्हणून ओरडले. हसले ते.

पंख्याचा आवाज चढतोय. मावशीचे हात मी एका हाताने घट्ट धरलेत, हलू नयेत म्हणून. ती म्हणते, सोड की गं, किती दिवसांत तुला जवळ घेतलं नाही.

नाही म्हणवेना. सोडले.

ती माझ्या गालावरून हात फिर