‘आपण’ म्हणजे कोण कोण?

२ ऑगस्ट

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, म्हणून थोरल्या भावानेच नमतं घेतलं. गुडघे काय म्हणतात? तुझ्या त्या जिन्याला माझा नमस्कार सांग.

आमच्या भाषांतर समितीचं गाडं पुन्हा अडलंय. बायबलमधलं, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळींना लिहिलेलं दुसरं पत्र चालू आहे. ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना शब्द एकच. ऐकणाऱ्याला धरून की सोडून, ते ग्रीक माणूस सांगत नाही. मराठीत मात्र सांगितल्यावाचून सुटका नाही. समितीतला एका चर्चचा तरुण पाळक म्हणतो, सगळीकडे ‘आपण’ घाला, जवळीक वाटते. मी म्हटलं, बाबा रे, जवळीक असती तर हे पत्र कशाला लिहिलं असतं? करिंथ म्हणजे बंदराचं गाव, चार मुलखांची माणसं. पौलाने तिथे ख्रिस्ती मंडळी उभी केली, मग दुसरे उपदेशक आले आणि त्यांनी लोकांचे कान भरले. दुखावलेला माणूस लिहितोय. तो त्यांना कुठे जवळ घेतो आणि कुठे हातभर लांब धरतो, ते सगळं त्या एका शब्दावर. त्यातून करिंथकरांनी त्याला लिहिलेलं काळाने गिळून टाकलं. शेजारच्या घरातलं भांडण भिंतीपलीकडून एकाच बाजूने ऐकावं, तशी आमची गत.

आपलं जेवणाचं टेबल आठवतं का गं? मी तोंडी भाषांतर सांगायचो, तू लिहून घ्यायचीस आणि बाबा उद्याचा उपदेश विसरून चहा निववत बसायचे. मी ‘आम्ही’ म्हटलं की विचारायचे, यात मी आलो का? आतून आई विचारायची, आणि मी? शाळेतल्या कवितेच्या तासाची चाल माझ्या जिभेवर इतकी बसली होती, की पौलही माझ्या तोंडून भुजंगप्रयातात बोलायचा आणि तू हसता हसता शाई सांडायचीस. पौलाच्या एका लेखनिकाने दुसऱ्या एका पत्राच्या शेवटी हळूच आपलाही नमस्कार घालून दिलाय. तू मात्र प्रेषिताच्या वाक्यात ‘मला भूक लागली आहे’ असं लिहून ठेवलं होतंस. तसा लेखनिक पुन्हा मिळाला नाही.

डोळ्यांना आता अक्षरं मुंग्यांसारखी पळताना दिसतात. असो. तुझं पुढचं काय ठरतंय ते कळव. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
दादा

१४ ऑगस्ट

ती. दादास,
स. न. वि. वि.

पत्र पावलं. शाई सांडायची ती तुझ्या हातवाऱ्यांमुळे, माझ्या हसण्यामुळे नव्हे. गुडघे कुरकुरतात, मी त्यांना दाद देत नाही.

लेक येऊन गेली. नव्या इस्पितळात तिला परिचारिकांची प्रमुख केलंय. जाता जाता म्हणाली, या वयात एकेकट्याने राहणं पुरे झालं, आपण आता एकत्र राहायचं. मी थोडे आढेवेढे घेतले आणि हो म्हणून टाकलं. खोली सोडतेय असं मालकिणीलाही सांगून झालं. मला फक्त सकाळचं ऊन येईल अशी जागा हवी, एवढाच माझा हट्ट. तुला कसं वाटतं ते कळव. दारात भाजीवाली खोळंबली आहे, म्हणून आवरतं घेते.

लोभ आहेच, तो वाढता असू दे.

तुझी
चिमी

२० ऑगस्ट

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद, आज जरा जास्तच.

कसं वाटतं म्हणून विचारतेस? पत्र वाचलं आणि चष्मा पुसत बसलो. भाची शहाणी आहे. मला जन्मात तोंडाने म्हणता आलं नसतं, ते पोरीने चुटकीसरशी म्हणून टाकलं. लगेच सुताराला बोलावून मधल्या खोलीतली कपाटं हलवली. पुस्तकं बैठकीत ढिगाने पडली आहेत, आल्यागेल्याला बसायला जागा नाही, पण आल्यागेल्याला कोण विचारतो! सकाळचं ऊन थेट उशीवर येतं का, हे मी स्वतः आडवा होऊन पाहिलं, तर डोळाच लागला. सुतार म्हणाला, खाट पास झाली म्हणायची.

समितीला सांगून टाकलंय की माझा जुना लेखनिक परत कामावर येतोय. येताना भांडी आणू नकोस, इथे ढीगभर आहेत.

वाट पाहणारा
दादा

३० ऑगस्ट

ती. दादास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अरे दादा, लेक ‘आपण’ म्हणाली ती माझ्याशी बोलताना! ती आणि मी. इस्पितळाने तिला बंदराजवळ घर दिलंय, तिथे. मी तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले आणि तू स्वतःला त्यात धरलंस. जन्मभर पौलाच्या ‘आपण’मधून माणसं आतबाहेर करत आलास आणि सख्ख्या बहिणीच्या पत्रात फसलास की रे!

चेष्टा करतेय, पण हसू येत नाही. ती मोकळी केलेली खोली डोळ्यांपुढून हलत नाही. पण मला लेकीकडेच जायला हवं. तिच्या कामाच्या पाळ्या वेळीअवेळी असतात आणि नात शाळेतून रिकाम्या घरात येते. काय करू, सांग. रागावू मात्र नकोस.

मन लावून घेऊ नकोस, आणि लोभ कमी करू नकोस.

तुझी
चिमी

६ सप्टेंबर

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

चूक सर्वस्वी माझी. मी शिकवत असताना वर्गात कोणी असं वाचलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. तू लेकीकडेच जा. नातीला रिकामं घर नको. कपाटं जागच्या जागी लावून घेतो. सुतार म्हणाला, आजोबा, एकदा काय ते ठरवा.

एक गोष्ट लिहून टाकतो, कारण तू समोर असतीस तर बोललो नसतो. तुझी वहिनी गेल्यापासून या घरात ‘आपण’ म्हणायला दुसरं माणूस उरलं नाही. मी भाषांतर मोठ्याने वाचतो आणि मध्येच थांबतो, कोणीतरी विचारील, यात मी आलो का? कोणी विचारत नाही. म्हणून तुझ्या वाक्याचं दार जरा किलकिलं दिसलं आणि मी आत घुसलो. मला एकट्याने राहवत नाही गं. पण तू यात पडू नकोस, तुझी गाठोडी बांध.

कृपा नको, आठवण ठेव.

तुझा
दादा

१५ सप्टेंबर

ती. दादास,
स. न. वि. वि.

बंदराजवळच्या घरी आल्यावर तुझं पत्र लेकीला वाचून दाखवलं. तिला सरळच विचारलं की तू ‘आपण’ म्हणालीस तेव्हा मामा त्यात होता का. ती म्हणाली, खोटं कशाला बोलू, नव्हता. मामाला त्याची पुस्तकं सोडवणार नाहीत असंच ती धरून चालली होती. मग डबा भरता भरता म्हणाली, पण आता आहे. एकदा आत आलेल्या माणसाला बाहेर कसं काढायचं?

तर ऐक. मागच्या बाजूला एक खोली आहे. एक कपाट मावेल, दोन मावणार नाहीत, तेव्हा पुस्तकं निवडताना रडू नकोस. बंदराचा वास येतो, त्याला नाक मुरडू नकोस. समितीचं काम टपालाने जाईल. माझा हात थोडा कापतो, पण तू सांगशील ते लिहून घेईन. नात विचारतेय, मामाआजोबांना ग्रीकमध्ये शिव्या येतात का?

नाही म्हणायचं असेल तर उत्तरच पाठवू नकोस. लोभ आहे, म्हणून ही दमदाटी.

तुझी
चिमी

२१ सप्टेंबर

चि. चिमीस,
तुला आणि माझ्या भाचीला पोटभर आशीर्वाद. नातीला सांग, येतात, पण तिच्या आईसमोर नाही.

भाचीचं बोलणं समितीत सांगितलं. तो तरुण पाळक म्हणाला, करिंथला धाडलेल्या पत्रात दुसऱ्या गावची माणसं तरी कुठे होती? पण एका मंडळीने दुसरीला नक्कल करून दिली, वाचणारा जो तो स्वतःला त्यात धरत गेला, आणि अशा नकला जपता जपताच त्या साध्या पत्रांचं पवित्र शास्त्र झालं. पोरगं बरं बोललं.

पुस्तकं माझ्या जुन्या विद्यालयाला दिली, एका कपाटापुरती ठेवली. रडलो, पण बेताने. कवितांची जुनी पाठ्यपुस्तकं मात्र अंथरुणाच्या वळकटीत दडवून आणतोय, ती कपाटात मोजायची नाहीत. या भिंतींना मी इतक्या चाली ऐकवल्या आहेत, की कुलूप लावताना त्याच मला काहीतरी म्हणून दाखवतील असं वाटलं.

करिंथकरांचा पौलावर एक मोठा राग होता. हा येतो येतो म्हणतो, येत नाही, नुसती पत्रं पाठवतो. तो बोल मला लागू नये, म्हणून हे टपालपेटीत टाकून तसाच गाडीत बसतोय. आधी कोण पोचतं ते पाहू. मी आधी पोचलो, तर हे पत्र माझ्यादेखत वाचू नका, मला लाज वाटेल.

बाकी लोभ आता समक्ष.

तुमचा
दादा