त्रेचाळीस वायरी आणि अण्णांची वही

तीर्थस्वरूप ताईस,

वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, मान धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला थांबला का? इकडे अण्णा ठणठणीत आहेत आणि मी जेमतेम जिवंत आहे.

माझं ते वायरींचं कपाट तुला आठवत असेल. (भावजी ज्याला लिफ्टचं मशीन म्हणतात तेच, मॉड्युलर सिंथेसायझर.) त्यात आवाज तयार होतो, पण साठवून ठेवता येत नाही. कुठली वायर कुठल्या भोकात आणि कुठलं बटण किती फिरवलं, यावरच सगळं. एका नाटकात बाई चार मिनिटं खिडकीशी नुसती बसून असते. तेवढा वेळ मागे एक आवाज हवा होता, हळूहळू बदलत जाणारा, पण बदलला हे कुणाला कळता कामा नये असा. अकरा दिवस खपून तो जमवला. रेकॉर्ड केला नाही, कारण रोज वाटायचं, अजून एक वायर लावली की सुधारेल. सोमवारी चार वाजता दिग्दर्शिकाबाई ऐकायला येणार होत्या. आवडला नाही तर काम दुसऱ्याला, हे त्यांनी आधीच स्वच्छ सांगितलं होतं.

तीन वाजता दाढी करून आलो तर कपाट चकाचक. त्रेचाळीस वायरी लांबीप्रमाणे गुंडाळून, रबरबँड लावून ओळीत ठेवलेल्या, आणि अण्णा फडकं झटकतायत! टेलिफोन एक्स्चेंजात छत्तीस वर्षं काढलेल्या आपल्या वडिलांना लोंबणारी वायर बघवत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण माझा तोल गेला. नको नको ते बोललो. (काय ते विचारू नकोस, लिहितानाही लाज वाटते.) अण्णांनी खिशातली वही पुढे केली. एकूण एक वायर कुठून कुठे, आणि बटणं घड्याळाच्या काट्याप्रमाणे: ‘पावणेपाच’, ‘सव्वादोन’. न लिहिता वायर काढायची नाही, ही त्यांची नोकरीतली शिस्त.

मग ते वाचत गेले आणि मी खुपसत गेलो. चारला पाच मिनिटं असताना शेवटची वायर लागली. बाई येऊन बसल्या, मी सुरू केलं, आणि काहीच नाही. एखादी वायर इकडची तिकडे झाली असेल तर शोधणार कुठे? माझा हात बटणाकडे गेला तेवढ्यात अण्णा म्हणाले, “थांब जरा. सावकाश येतो म्हणाला होतास ना?” आणि आला, ताई. चार मिनिटं बाई हलल्या नाहीत. मग “हाच” एवढंच म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या.

तुझा,
धाकटा

ता. क. रेकॉर्ड केलास का, असं विचारू नकोस. त्या गेल्यावर वाटलं, अजून एक वायर लावून बघू. लावली. अण्णांनी वहीत नोंद केली.

ता. क. २. ठरल्याप्रमाणे रविवारी अण्णांना तुझ्याकडे न्यायला येऊ नकोस. सोमवारपासून ते माझ्याशी वायरींपुरतंच बोलतात आणि बॅग भरून दाराशी ठेवली आहे. थांबा म्हटलं तर म्हणाले, “तुझं काम अडतंय म्हणून ना?” आणि सकाळी वहीच माझ्या टेबलावर ठेवून दिली. आता काम अडायचं नाही. मला अण्णाच हवे आहेत गं. हे तू त्यांना फोन करून सांग, माझ्या तोंडून निघत नाही.