कॅप्टनच्या तळघरातलं पाणी

बाबा, आज सकाळी कॅप्टनच्या तळघरात पहिला चेंडू मारला गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी येऊन हात धुतले आणि जेवायचं सोडून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मी बांधलेली घरं तुम्ही पाहिली नाहीत, आणि आजवर मला त्याचं वाईट वाटायचं. या एका कामाच्या बाबतीत मात्र तुम्ही नाही आहात याचं मला बरं वाटलं. असं वाटलं म्हणूनच लिहिते आहे.

कॅप्टन तुमच्या ओळखीचे नव्हेत. तुमच्या वेळी आचऱ्याच्या अलीकडच्या त्या उतारावर नुसत्या करवंदीच्या जाळ्या होत्या. आता तिथे त्यांचं घर आहे, पाच वर्षांपूर्वी मीच बांधलेलं. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होते, निवृत्त होऊन बायकोला घेऊन गावाला आले आणि दोन वर्षांत बायको गेली. माणूस सव्वासहा फूट उंच, पण त्यानंतर खुर्चीतून उठेनासा झाला. मुलगी परदेशात. गेल्या दिवाळीनंतर एक दिवस ते माझ्या ऑफिसात आले, हातात गोल्फची काठी. गोल्फ म्हणजे काठीने एक छोटा चेंडू लांबवर मारायचा आणि शेवटी एका भोकात घालायचा. त्याला मोठं मैदान लागतं, ते आपल्याकडे कुठलं असायला! पण आता घरातच तो खेळ उभा करता येतो. खोलीच्या एका टोकाला जाड पडदा ताणायचा, त्यावर वरच्या यंत्रातून मैदानाचं चित्र पडतं. आपण समोरच्या चटईवरून खरा चेंडू खऱ्या काठीने त्या पडद्यावर मारायचा. पायाशी ठेवलेलं दुसरं यंत्र चेंडूचा वेग आणि दिशा मोजतं, आणि चेंडू पडद्याला लागून खाली पडला तरी चित्रात तो पुढे उडत जातो, झाडांवरून, तळ्यावरून. तुम्ही म्हणाला असता, "खेळूचा आसा तर मळ्यात जावचा, घरात कित्याक?" मीही हसून तेच विचारलं. कॅप्टन मुलीबद्दल म्हणाले, "चेडवाकडे पण तसाच आसा गो. ती थंयसून मारतली, मी हयसून. एकाच मैदानात. आठवड्यातलो एक तास तरी ती माझ्यावांगडा आसतली."

यानंतर मी नाही म्हणणं शक्य नव्हतं. वाटलं, हे काम मी इतकं नीट करीन की जिल्ह्यात कोणी पाहिलं नसेल. त्यांच्या घराखाली तळघर होतं, सामान ठेवायला केलेलं, आठ फूट उंचीचं. मी त्यांना अंगणात एका प्लायच्या फळीशेजारी उभं केलं, काठी फिरवायला लावली आणि काठीचं टोक सर्वांत वर जाईल तिथे खडूने खूण केली. नऊ फूट चार इंच. म्हणजे दहा फूट मोकळी उंची हवी. वर घर उभं, छत काही उचलता येत नाही. उरला एकच मार्ग, जमीन खाली न्यायची. फरशीची जाडी धरून अडीच फूट.

तिथेच थांबायला हवं होतं, बाबा. कारण त्या उताराखाली गावाच्या काकीचं घर आहे, आणि तिच्या परसात तुम्ही मारलेली बाव आहे, तुम्ही खणलेल्या विहिरींतली एक.

तुम्हाला आठवत असेलच. मी अकरा वर्षांची असेन. बाव पुरी होत आलेली, कडेने चिरे लावायचं काम चालू होतं. मी तुमचं जेवण घेऊन आले होते. तुम्ही वर आलात, हातपाय धुतलेत, आणि जेवायच्या आधी मला म्हणालात, "येतंस खाली?" आई असती तर ओरडली असती. फळीला दोर बांधून तुम्ही मला मांडीवर घेऊन बसलात आणि वरचे दोघे आपल्याला हळूहळू सोडू लागले. वरचं आभाळ ताटाएवढं होतं, मग वाटीएवढं. खाली गुडघाभर पाणी. तुम्ही माझा हात धरून चिऱ्यांच्या खाली, जिथे तांबडा दगड संपून पांढुरकी चिकण माती सुरू होते, त्या फटीत घातलात. "भियां नको. गार लागता मा? हो झरो. वरच्या घाटीसून येता, ह्या मातयेवरसून." माझ्या बोटांवरून पाणी वाहतंय आणि तुम्ही हसताय, तुमच्या भुवयांवर माती आहे. मला वाढदिवसाला कधी काही मिळालं नाही, पण तो दिवस तुम्ही मला दिलात असं मी नेहमी धरत आले.

म्हणजे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कुठल्याही ठेकेदाराने ते तळघर खोदलं असतं तर त्याला कळलं नसतं, पण मला झरा कुठून येतो ते हाताला ठाऊक होतं. मी स्वतःची समजूत घातली की अडीच फुटांनी काय होतंय, तांबडा दगड चांगला जाड असेल. तो जाड नव्हता. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात पांढुरकी माती दिसली आणि चौथ्या दिवशी मुकादम म्हणाला, "बाई, झरो लागलो." मी खाली उतरले. पाणी स्वच्छ होतं. ओंजळीत घेऊन प्यायले, काकीच्या बावीचीच चव. मुकादम माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणाले, "पंप लावा. काम थांबवू नकात."

पुढचं सगळं मी उत्तम केलं. कोपऱ्यात पाणी जमायला खड्डा केला, फरशीखालून नळ्या फिरवल्या, पाणी वर आलं की आपोआप सुरू होणारा पंप बसवला. भिंतींना ओल येऊ नये म्हणून तीन थर दिले, हवेतला ओलावा ओढणारं यंत्र आणलं. तळघर खडखडीत कोरडं. आणि ते पाणी रात्रंदिवस एका पाइपातून रस्त्यापलीकडच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जात राहिलं. काकीच्या घराच्या उलट दिशेला.

त्या दिवसांत मला सारखी आठवायची ती तुमची दुसरी बाव. मी नववीत होते. तुम्ही एका माणसाच्या वाडीत खणत होतात, चांगलं पाणी लागलं, आणि दोन दिवसांनी खालच्या अंगाच्या घरातली बाई रिकामी घागर घेऊन येऊन नुसती उभी राहिली. तुम्ही खाली जाऊन तिची बाव पाहिलीत, वर येऊन मालकाशी बोललात, आणि दुसऱ्या दिवसापासून आपणच खणलेलं पुन्हा भरायला लागलात. आठ दिवस. गावात हसले लोक. शाळेत मुली मला विचारायच्या, तुझो बापूस खड्डे खणता आणि भरता काय? मी चिडून तुम्हाला म्हटलं, "लोकांचा पाणी गेला तर तुमका काय पडलाहा?" तुम्ही हातातलं फावडं असं खाली टाकलंत की मी मागे सरले. "खणलंय मी, म्हणान गेला ता. दुसऱ्या कोणी नाय." एवढंच. मग दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. आई म्हणाली, माफी माग. मी मागितली नाही, कारण माझं काय चुकलं ते मला कळलंच नव्हतं. आता कळतं, आणि तरी मी पंप लावला.

शिमग्याच्या सुमाराला काकी मला देवळाच्या पायरीवर भेटली. सत्तरी उलटलेली, एकटी राहणारी, अजून परसात लाल माठ आणि मुळा लावणारी. माझा हात धरून म्हणाली, "बाव आटली गो. तुझ्या बापाशीन मारलेली. इतक्या वर्सांत कधी आटूक नाय. जरा येऊन बघ, तुका कळतला." मी गेले. वाकून पाहिलं. तळाशी चिखल आणि त्यात एक पडलेला तांब्या. कठड्याचे चिरे तुमच्या हातचे, त्यांवर हात ठेवूनच मी म्हणाले, "यंदा पाऊस कमी पडलो, काकी. सगळ्यांचा तसाच झालाहा." खरं तर पाऊस भरपूर झाला होता. काकीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू सांगतंस तर तसाच आसतला."

तेव्हापासून ती रस्त्यावरच्या नळावरून पाणी आणू लागली. चढाच्या पायऱ्या बावीस. एप्रिलात एक दिवस कळशीसकट घसरली आणि उजवं मनगट मोडलं. मला शेजाऱ्यांचा फोन आला, मीच तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. प्लॅस्टर सुकेपर्यंत तिच्याजवळ बसले. ती मला म्हणत होती की पोटच्या मुलीनेही इतकं केलं नसतं. मी तिला चहा पाजत होते, कप तिच्या ओठांना लावून.

दवाखान्यातून तशीच कॅप्टनकडे गेले. ते तळघरात चटईचं माप घेत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, झऱ्याचं, पाइपाचं, मनगटाचं. मला वाटलं रागावतील किंवा म्हणतील की आता काय करायचं. त्यांनी टेप गुंडाळली आणि म्हणाले, "मगे पायप टाक मा सरळ तिच्या बावीत! उतारच तर आसा. इतके दिवस कित्याक गप रवलंस?"

दीडेकशे फूट पाइप, बाबा. एका दिवसाचं काम. ते मला सुचलं नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी सुचलं होतं. पण पाइप टाकायचा तर का टाकतेय ते सांगावं लागलं असतं, आणि मला सांगायचं नव्हतं, म्हणून मी पाणी व्हाळात सोडलं. काकीचं मनगट त्यात गेलं.

पाइप टाकला. बावीत पाणी आलं, पुरुषभर तरी आहे. पण ते आता आपलं आपण येत नाही. वीज गेली की थांबतं, आणि आपल्याकडे वीज किती जाते तुम्हाला सांगायला नको. खणलेलं भरायचं का, असं मी कॅप्टनना एकदा विचारलं. त्यांनी पडद्याच्या चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू सांगशीत तसा करूया." मी पुढच्या आठवड्यात पडदा ताणून घेतला.

आज कॅप्टननी काकीलाही बोलावलं होतं. तिला वाटतं, बाव आटली म्हणून त्यांनी मोठ्या मनाने आपलं पाणी दिलं. तिने त्यांच्यासाठी कोकमाच्या आगळाची बाटली आणली होती, डाव्या हातात धरून. उजवं मनगट अजून नीट वळत नाही. पडद्यावर परदेशातलं हिरवं मैदान, कोपऱ्यात कॅप्टनच्या मुलीचा चेहरा. कॅप्टननी काठी उचलली, दहा फुटांत कुठेही अडकली नाही, आणि चेंडू झाडांवरून गेला. मुलगी तिकडून ओरडली, "पप्पा!" म्हातारा माणूस रडायला लागला. काकी खुर्चीवर बसून हसत होती. मला जवळ ओढून म्हणाली, "बापाशीचो हात आसा गो तुझो."

मग कॅप्टननी मला काठी दिली. मी नको म्हणायला हवं होतं. मी चेंडू मारला, तो वाकडा गेला, दुसरा मारला, तो सरळ गेला. खरं सांगते, मला फार छान वाटलं. पाठीमागे पंप सुरू झाल्याचा आवाज आला तरी मी तिसरा मारला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला लिहायला बसतानाच ठाऊक होतं. यातलं सगळं काकीला सांगायचं आहे. तिचं घर इथून दहा मिनिटांवर आहे, आणि या महिन्यात मी दोनदा दारापर्यंत गेले, दोन्ही वेळा चहा पिऊन परत आले. तुम्हाला सांगणं सोपं होतं, म्हणून तुम्हाला सांगितलं.