निळा रंग, मिठाशिवाय

हॅलिफॅक्स, गोदीवरून
मंगळवार, मे १९७१

ती. व्हर्नाताईस,

धाकट्या मर्लचा नमस्कार, तोही उभ्याने, हात टोपीला लावून. तुझे गुडघे कसे आहेत? आणि आमच्या दाजींचं, एवर्टरावांचं पित्त? (विचारलं म्हणून सांग. काळजी वाटते असं सांगू नकोस.) या वर्षीची कोबी नीट आंबली का? पाठवलेला खारवलेला हेरिंग पोचला. बरणी फुटली होती, मासे शाबूत होते. इथे माझी तब्येत उत्तम आहे, आणि पाववाली मिसेस झ्विकर तुला जे सांगेल ते खोटं आहे. मी तुरुंगात नाही. मला फक्त जहाजावरून उतरायची बंदी आहे. दोन्हींत फरक आहे. तुरुंगात जेवण बरं असतं.

झालं ते पहिल्यापासून सांगतो. राजधानीत, ऑटवात बसलेल्या कोणाला तरी वाटलं की देशाला एक पायदळ, एक नौदल आणि एक वायुदल ही चैन झाली. तिघांची मिळून एकच फौज केली, आणि एकच फौज म्हणून एकच कोट. तो कोट हिरवा आहे. समुद्रावर हिरवं काय असतं, हे मी तेव्हापासून विचारतो आहे. (शेवाळ, असं आमचा आचारी म्हणतो.) खलाशाचा निळा वेश ट्रंकेत ठेवा, हिरवा घाला, असा हुकूम आला. पुढे खलाशांतल्या आम्हा लीडिंग सीमनना पायदळासारखं कॉर्पोरल म्हणणार अशीही कुजबुज आहे. माझ्या बाहीवरचा हुद्द्याचा नांगर तुला माहीत आहे. तो दोनदा गेला आणि तीनदा मिळाला, त्या जागी बाहीला सुईची इतकी भोकं आहेत की वारा आत येतो. तो नांगर आहे म्हणून पुढच्या डेकवर माझा शब्द चालतो, आणि येत्या हिवाळ्यात त्याच्याच हिशेबाने पेन्शन बसायचं आहे. पण नांगर निळ्यावर शोभतो. हिरव्यावर तो चिखलात रुतल्यासारखा दिसतो.

तरी मी हुकूम मोडला नाही. भांडारातून हिरवा घेतला, तिथेच अंगावर चढवला, आणि बॅरिंग्टन रस्त्याने गोदीकडे निघालो. कोपऱ्यावर बसथांब्यापाशी एका म्हातारीने माझ्या हातात तिची पिशवी दिली.

“ड्रायव्हर, गाडी कधी सुटणार?”

“आजी, मी नौदलात आहे.”

“असशील रे बाबा. पण सुटणार कधी?”

ताई, तीन महासागर पाहिलेला माणूस मी. मी पिशवी धरली, तिला फेरीबोटीवर बसवलं, पलीकडे डार्टमथला उतरवलं, आणि दारापर्यंत पोचवलं. तिने मला पेपरमिंट दिलं आणि मागच्या आठवड्यात गाडी उशिरा आल्याबद्दल झापलं. मी माफी मागितली. परतीच्या बोटीवर पाण्याकडे बघत उभा राहिलो आणि ठरवलं की हा कोट निळा होणार. हुकुमात दिलेला कोट घाला असं म्हटलं होतं. त्याचा रंग टिकवा असं कुठेही म्हटलं नव्हतं.

तू गालिच्यांसाठी लोकर रंगवतेस ते मी लहानपणापासून पाहिलं आहे, म्हणून मला वाटलं आपल्याला येतं. (पाहिलेलं सगळं येतं असं वाटणं हा आपल्या घराण्याचा दोष आहे. दाताचा डॉक्टर पाहून बाबांनी असेच दात उपटले होते.) दुकानातून गडद निळ्याच्या पुड्या आणल्या आणि आचाऱ्याकडे गेलो. तो थिबोडो, इथल्या जुन्या फ्रेंचांतला, अकेडियन माणूस, मनाने मोठा, हाताने त्याहून मोठा. त्याच्याकडे सुपाचं पातेलं मागितलं.

“यात उद्या वाटाण्याचं सूप व्हायचंय, मर्ल. माझ्या अब्रूचं काय?”

“तुझ्या सुपाला अब्रू कधीपासून?”

तो हसला आणि पातेलं दिलं. कोट उकळला. कापड अर्धं लोकरीचं आणि अर्धं कसलं तरी कारखान्यातलं, त्यामुळे लोकरीने रंग पिऊन घेतला आणि दुसरं नुसतं बघत राहिलं. तरी वाळल्यावर लांबून निळा म्हणावा असा झाला. दुसऱ्या दिवशी सगळ्या जहाजाच्या जिभा निळ्या होत्या. कोणी तक्रार केली नाही. उलट जुनी माणसं दोनदा वाढून घेत होती.

नेमका त्याच दिवशी ऑटवाहून एक जनरल आला. पायदळातला, गोरागोमटा, पांढरे हातमोजे घातलेला. नव्या वेशातलं नौदल बघायला. आम्ही धक्क्यावर रांगेत उभे, वरून आपलं नेहमीचं भुरभुर धुकं. माझा कोट ओला व्हायला लागला हे मला कानामागून उतरणाऱ्या थेंबावरून कळलं. जनरल माझ्यासमोर थांबला. रांगेत एकच माणूस वेगळ्या रंगाचा, त्याला वाटलं माझं कापड ओलं होऊन गडद दिसतं आहे. त्याने प्रेमाने माझ्या खांद्यावर हात दाबला. “ऊबदार आहे ना, गड्या?” “हिवाळ्यात कळेल, सर,” मी म्हणालो. हात उचलला तेव्हा हातमोज्याचा तळवा निळा होता. त्याने तो पाहिला नाही. मग तो पुढे निघाला आणि प्रत्येकाशी हस्तांदोलन करत गेला. ताई, शेवटच्या माणसापर्यंत नौदल पुन्हा निळं झालं होतं.

इथे एक सांगितलं पाहिजे. नौदलाच्या सलामीत तळवा खाली असतो. जुने लोक सांगतात की दोरांना डांबर लावून खलाशांचे हात काळे व्हायचे, ते वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून. तिन्ही दलांची एक फौज करताना आमच्याकडची एवढी एकच गोष्ट सगळ्यांना दिली, ही सलामी. जनरलने ती नुकतीच घोटली होती. कॅप्टन प्रिंगलसमोर येऊन त्याने ती झोकात ठोकली. तळवा खाली, म्हणून काही दिसलं नाही. पण बोटांची टोकं भुवईवर टेकली होती. तो निळी भुवई घेऊन गाडीत बसला, आणि सगळ्या रांगेत एकही माणूस हसला नाही. अशी शिस्त मी लढाईतही पाहिली नव्हती.

भुवई बहुधा हॉटेलच्या आरशात सापडली, कारण दुसऱ्या सकाळी मी कॅप्टनच्या टेबलासमोर उभा होतो. “टोपी काढ!” मी टोपी काढली. आरोप वाचला गेला. राणीसाहेबांच्या कापडाची नासाडी, आणि एका जनरलच्या भुवईचीही. कॅप्टन प्रिंगल बराच वेळ माझ्या कोटाकडे बघत राहिले. तेही आयुष्यभर निळ्यात राहिलेले, आता हिरव्यात बसलेले.

“मीठ घातलं होतंस?”

“नाही, सर.”

“व्हिनेगर?”

“नाही, सर.”

“म्हणून गेला रंग. माझी आई मूठभर घालायची.” मग त्यांनी हुकूम सुनावला. तोवर जहाजावरून उतरायचं नाही. येत्या सोमवारी सकाळी मी धड हिरव्या कोटात उभं राहायचं, तोही स्वतःच्या सोयीने मिळवून, कारण भांडारातून मला आता रुमालही मिळणार नाही. नाहीतर नांगर काढून टेबलावर ठेवायचा.

ताई, मी घालणार नाही. हे तुला लिहून देतो. चार वादळं, एक बुडती बोट आणि एवर्टरावांची भाषणं मी निळ्यात सोसली. नाताळात तुझ्या टेबलावर ते त्यांचा पायदळाचा हिरवा घालून बसले आणि म्हणाले, “काय पाणकोंबडे, आता तुझा नि माझा कोट एकच. ठोक सलाम सार्जंटला!” ते मी विसरलेलो नाही. घ्या नांगर. घ्या पेन्शन. मी मासे पकडेन. सोमवारी सकाळी मी निळ्यात उभा राहीन, आणि कोणाला माझ्याकडे बघवत नसेल त्याने समुद्राकडे बघावं. तोही अजून निळाच आहे, त्याला हुकूम पोचलेला नाही.

घरातल्या थोरांना नमस्कार, मांजरीला जे काय द्यायचं ते.

तुझा न वाकणारा भाऊ,
मर्ल कॉर्कम

ता. क. एवर्टरावांना दोन हिरवे कोट मिळाले आहेत असं तूच नाताळात म्हणालीस. खांद्यात आम्ही सारखेच. त्यांतला एक, पँटसकट, शनिवारच्या बसने पाठव. पोटाला चार बोटं आत घे. त्यांना सांग धुवायला गेला आहे. थिबोडो बसथांब्यावर जाऊन घेईल. मी हे मागितलं असं कोणालाही, विशेषतः त्यांना, कळता कामा नये.

ता. क. दुसरा. त्यांचे सार्जंटचे पट्टे काढून ठेव. घाईत विसरलीस तर मी सोमवारी माझ्याहून वरच्या हुद्द्यात उभा राहीन, आणि तो वेगळा गुन्हा आहे. नांगर मी स्वतः शिवेन. हिरव्यावर असला तरी तो नांगरच, असं मी म्हणत नाही. पण कडेने घट्ट शिवणार आहे.

ता. क. तिसरा. परतीच्या बसने माझा निळा वेश तुझ्याकडे येतो आहे. इथे ट्रंकेत तो सुरक्षित नाही, कोणी तरी रद्दीत घालेल. पँटच्या पायांवर आडव्या सात घड्या आहेत. त्या चुरगळलेल्या नाहीत, खलाशाची पँट तशीच असते, तेव्हा इस्त्री फिरवू नकोस. हिवाळ्यात सुटून आलो की पहिल्या रविवारी मी तोच घालून चर्चला येणार आहे, आणि आपल्या बाकावर मधोमध बसणार आहे. एवर्टरावांनी कुठे बसायचं ते त्यांनी आतापासून ठरवावं.