वारेत दडलेला ताप

४ जून

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सातवा महिना लागला. भाऊजींना सांग, त्यांच्या मेहुणीला आता स्वतःची पावलं दिसत नाहीत, चपलेचा पट्टा नवरा लावून देतो आणि वर ऐकवतोही. फोनवर बोलले असते, पण फोन असतो सासूबाईंच्या खोलीत, आणि हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

तुझ्या सांगण्यावरून मी तुमच्या प्रयोगशाळेच्या त्या मलेरियाच्या अभ्यासात नाव घातलं. चार देशांतल्या गरोदर बायका आहेत म्हणे. दर महिन्याला पहिल्या दिवसाच्या गोळ्या नर्सबाईंसमोर गिळायच्या, पुढच्या दोन दिवसांच्या घरी. औषध जुनं की नवं, ते त्यांनाही ठाऊक नसतं.

या खेपेला घरच्या गोळ्या मी घेतल्याच नाहीत. पहिल्या दिवशी उलट्यांनी जीव नकोसा झाला होता. सासूबाई म्हणाल्या, ताप नाही तर पोटातल्या जिवाला औषध कशाला? मलाही ते पटलं. गोळ्या मोरीत टाकल्या आणि रिकामं पाकीट दाखवून घेतल्या म्हणून सांगितलं. नर्सबाईंनी तसं लिहूनही घेतलं.

आता दोन दिवस अंगात कणकण आहे. खरं सांगितलं तर मला काढून टाकतील आणि तुझ्या नोकरीलाही बट्टा लागेल. तू तिथे रक्ताच्या स्लाइडच बघतेस, तर माझी तेवढी बघून कळव ना.

तुझी,
छकुली

५ जून

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन आलेला आमच्या रक्ताच्या नमुन्यांच्या गाडीचा ड्रायव्हरच हे पत्र दारात आणून देईल. वाचलंस की तशीच ऊठ आणि दवाखान्यात जा.

मी रागावलेले नाही. पण मायक्रोस्कोपखाली येणाऱ्या स्लाइडवर नुसता आकडा असतो. तुझी कुठली ते मला कळत नाही, आणि कळलं असतं तरी मी सांगितलं नसतं. बाकीच्या बायकांची बहीण इथे नाही.

सासूबाईंचं चुकलं असं नाही, त्यांना कुणी समजावूनच सांगितलेलं नाही. मलेरियाचे जंतू गरोदर बाईच्या वारेत, बाळाला जिथून पोषण मिळतं तिथेच, दडून बसतात. कधी कधी तापही येत नाही, बाई हिंडते-फिरते, आणि आत बाळाचं पोषण तुटत जातं. कुणाचं फार लहान जन्मतं, कुणाचं जगत नाही. म्हणून आधीपासूनच गोळ्या द्यायच्या.

तुला कुणी काढणार नाही. नको वाटलं तर बाहेर पडायचा हक्क तुझा आहे. पण न घेतलेली गोळी घेतली म्हणून वहीत राहिली, तर एखादं चांगलं औषध उगाच बदनाम होईल. माझ्या नोकरीचं मी बघते. सासूबाईंनाही बरोबर ने.

काळजीत आहे, लगेच कळव.
ताई

८ जून

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रक्तात जंतू निघाले. तापाचं नेमकं औषध सुरू झालंय, बाळाचे ठोके चांगले आहेत. मी रडत रडत सगळं कबूल केलं. नर्सबाईंनी वहीतली ओळ खोडून खरी लिहिली, आणि उलट्यांचं आधी का नाही सांगितलं एवढंच विचारलं. तीही नोंद त्यांना हवी असते. मी अभ्यासात राहणार आहे. सासूबाई सगळं ऐकत बसल्या होत्या.

तुझी,
छकुली

१९ सप्टेंबर

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मावशी झालीस. मुलगा आहे, अडीच किलोला थोडा कमी, पण आवाज भाऊजींच्या घोरण्याला मागे टाकेल असा.

एक गोष्ट लिहायलाच हवी. बाळंत झाल्यावर नर्सबाईंनी तपासणीसाठी वारेचा तुकडा घेतला. सासूबाईंनी विचारलं, यात ते जंतू दिसतात का? नर्सबाई हो म्हणाल्या. मग सासूबाईंनी हळूच विचारलं, पूर्वी कुणाचं बाळ आठव्या महिन्यात गेलं असेल, तर तेही यानेच का? नर्सबाई म्हणाल्या, इतक्या वर्षांनी नक्की सांगता येणार नाही, पण असू शकतं.

सासूबाईंनी बाळाच्या पायावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, मी भरलेली बादली उचलली म्हणून माझी पहिली गेली. मुलगी होती."

हे दारातच उभे होते. आपल्याला एक मोठी बहीण होती, हे त्यांना तेव्हा कळलं.

भाच्याला बघायला लवकर ये. माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.
तुझी,
छकुली