हंगाम संपेपर्यंतचा वाटा

बाबा,

पेढीत मी शिपायालाही अहो-जाहो करत आलो, पण तुला तूच लिहितो. आपल्या कोळीवाड्यात बापाला कुणी तुम्ही म्हटलं असतं तर माणसं हसली असती. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, तेव्हा पत्र लिहिण्यात काही शहाणपण नाही हे मला कळतं. पण तू गेलास तेव्हाच्या तुझ्या वयापेक्षा आता मी म्हातारा झालोय, आणि ज्याच्याशी तुझ्याविषयी बोलावं असं माणूस उरलेलं नाही.

मुरूडची नवाबी जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मुरूडच्या पतपेढीत मी कारकून लागलो आणि हेडक्लार्कनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, हिशेबनिसाची सरकारी परीक्षा पास झालास तर कायम होशील, नाहीतर असाच लोंबकळत राहशील. मी घरी येऊन सांगितलं. तू फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन बसला होतास. मान वर न करता म्हणालास, "तू पास हो. मंग मी दर्यावर जायाचा न्हाय. घरात बसून तुझ्या आयशीला ताप देईन." आई सुकत घातलेले बोंबील उलटत होती. ती म्हणाली, "मंग नापासच हो रं बाबा." आम्ही हसलो. तेव्हा हसायला काही वाटत नव्हतं.

तुला दम लागायचा. वाळूतून घरापर्यंत येताना तू मध्येच थांबून समुद्राकडे बघत उभा राहायचास, जसं काही बघायचंच होतं. मला ते कळत होतं. कायम नोकरीचं मला एवढं कौतुक नव्हतं, तुला होडीतून उतरवायचं होतं. एकदा तू मुंबईहून मोडीत निघालेल्या आगबोटीवरची एक खुर्ची होडीत घालून आणलीस. ती अशी डुगडुगायची की बसणाऱ्यानं एक पाय जमिनीला रोवून ठेवावा. पेढी उघडायच्या आधी मी तिच्यावर बसून, आईच्या बोंबलांवरचे कावळे हाकलत हाकलत, इंग्रजीतले हिशेबाचे नियम पाठ करायचो. पुस्तकाला असा वास लागला होता की हेडक्लार्क ते हातात घेण्याआधी खिशातून रुमाल काढायचा. एका संध्याकाळी होडी वर ओढायला माणूस कमी पडला, म्हणून मी दोराला हात लावला. तू सगळ्यांदेखत ओरडलास, "सोड आधी. हात सोललं तं लिवशील कशानं?" मला अपमान वाटला. बरेच दिवस मी तुझ्याशी धड बोललो नाही.

पहिल्या खेपेला नापास झालो. निकाल आला तेव्हा पावसाळ्यासाठी होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली झाकलेल्या होत्या. तू म्हणालास, "व्हतंय असं. अजून येक हंगाम मारतो." नारळी पौर्णिमेनंतर तू पुन्हा जायला लागलास, आणि मार्गशीर्षात एकदा होडी आली ती तुझ्याशिवाय. वारा उठला, जाळं ओढताना तू गेलास, एवढंच खलाशांना सांगता आलं. तू सापडला नाहीस.

आपली रीत तुला सांगायला नको, होडीचा म्होरक्या, तांडेल म्हणून तूच ती कितीदा पाळलीस. माणूस हंगामात गेला तरी पावसाआधी होड्या वर ओढेपर्यंत त्याचा वाटा त्याच्या घरी येतो. होडी लागली की खलाशी येत, ओट्यावर टोपली ठेवत, "तांडेलाचा वाटा" म्हणत, आणि आई ती आत नेई. वैशाखात मी मुंबईला परीक्षेला गेलो तेव्हाही टोपली येतच होती. पेपरात प्रश्न होता: तीन भागीदार आहेत, वर्षाच्या मध्यावर एक मरण पावतो, नफ्याची वाटणी करा. नियम मला तोंडपाठ होता. मृत्यूच्या तारखेपर्यंतचा हिस्सा द्यायचा आणि त्याचं खातं बंद करायचं. मी मात्र मेलेल्याला वर्षअखेरपर्यंतचा वाटा दिला. मुद्दाम नाही, हात तसा चालला. बाहेर पडलो तेव्हाही काही चुकलं असं वाटलं नाही. त्याच विषयात नापास झालो. निकालानंतर हेडक्लार्कनं मला ते गणित पुन्हा सोडवायला लावलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, मेलेल्याला नफा कोण देतं?"

मी म्हणालो, "आमच्यात देतात."

"मग तुमच्यातच राहा," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी पास झालो. जवळजवळ तसाच प्रश्न आला होता. या वेळी मी मेलेल्याचं खातं नेमक्या तारखेला बंद केलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. कायम झालो. पेढीत पेढे वाटले, लोक पाठीवर थापा मारत होते आणि मला कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं. आईनं शेजारी साखर दिली आणि मला म्हणाली, "जा, बापाला सांगून ये." मी किनाऱ्यावर गेलो. भरती लागत होती. घरी आल्यावर तिनं विचारलं, "सांगितलास?" मी हो म्हणून मान हलवली.

सांगितलं नव्हतं, बाबा. तोंड उघडलं आणि भीती वाटली. पास झालास की घरी बसेन, असा तू शब्द दिला होतास. मी सांगितलं असतं आणि तू आला नसतास, तर मग मला कळून चुकलं असतं. तोवर तू फक्त सापडला नव्हतास. पुढे नोकरी केली, निवृत्त झालो, आईला पोचवलं, पण पाण्याकडे तोंड करून ते वाक्य मी कधी बोललो नाही. आज कागदावर उतरलंय, तर नातू म्हणतो, आजोबा, हे दर्यात सोडून द्या. मी सोडणार नाही. तुला वाटू दे, पोरगा अजून अभ्यासच करतोय.