शिंपिणीच्या घरी मी दिलेली उत्तरं

भाऊजी, वहिनीचा आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याची चौकशी मागाहून करते, आधी सांगा, माझ्या दारानं तुमच्या ऑफिसचं काय घोडं मारलंय? शाळेबद्दल आईबापांना काय वाटतं ते विचारायला तुम्ही पाठवलेली मुलगी माझ्या दारावरून सरळ पुढं गेली आणि शेजारच्या शिंपिणीकडे शिरली. मी इस्त्री उभी करून हाक मारली, तर म्हणते, "काकू, दर पाचवं घर. तुमचं चौथं."

आता, शाळेबद्दल या गल्लीत माझ्याइतकं कुणाला बोलायचंय? धाकटीची जीभ अडखळते, तुम्हाला ठाऊकच आहे. (ती आमच्या माहेरची देणगी, तुमच्याकडची नव्हे.) वर्गात पोरं हसायची, म्हणून तिनं तोंड उघडणंच सोडलं होतं. शाळा सुटल्यावर बाई अशा मुलींना घेऊन बसतात, मोठ्यानं वाचायला लावतात आणि कुणी अडखळली तर नुसत्या थांबून राहतात. (एवढा धीर मला असता तर गिऱ्हाइकांचे सदरे कमी जळले असते.) परवा पोरगी दुकानदाराशी वजनावरून भांडली. भांडली, भाऊजी! मी दाराआड उभी राहून रडले. आणि हा वर्ग ठेवायचा की बंद करायचा ते म्हणे आईबापांच्या मतावर ठरणार. मग मी गप्प बसू?

गेले आणि शिंपिणीच्या खाटेवर बसले. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, माझं तोंड मोकळं होतं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं मीच दिली. शेवटी मुलगी म्हणाली, असं दोघींची उत्तरं मिसळलेलं घर मोजणीत धरता येत नाही. बोलायची घाई असणाऱ्यांनाच विचारलं तर गप्प राहणाऱ्यांच्या मनातलं कधी कळायचंच नाही. पटलं मला. गुणाची पोर, आवाजसुद्धा चढवला नाही. तेवढ्यात शिंपिणीनं टाचण्या काढल्या. "अगं भवाने, मी चांगलंच सांगणार होते! माझी थोरली त्या बाईंमुळेच शाळेत टिकली."

म्हणजे वर्गाच्या बाजूचं एक मत मीच बुडवलं. रागानं लिहायला बसले खरी, पण मनात आहेत ते उपकारच: बाईंचे, आणि गप्प बायकांचं दार वाजवणाऱ्या तुमचेही.

ता. क. शिंपिणीकडे पुन्हा माणूस पाठवा. तेवढा वेळ मला बाहेरून कडी घालायचं धाकटीनं कबूल केलंय. गुडघ्याला शेक घ्या.

ता. क. आणखी एक. माणूस पाठवणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवा. नाहीतर शनिवारी मीच तुमच्या टेबलासमोर येऊन बसते; मग माझं मत धरायचं की नाही ते तिथंच ठरवू.